धैर्य कोणाला दाखवावे?

अपमान सोसून गप्प राहणारा मनुष्य शूर की भित्रा, हे बाहेरून पाहणाऱ्याने कसे ओळखावे? दोघेही गप्पच असतात, दोघांचेही हात खालीच असतात. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण वर्गात सांगून झाली की मागच्या बाकावरचा एखादा चुणचुणीत मुलगा नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला घड्याळाकडे पाहावेसे वाटते. मुलाचा प्रश्न खोडसाळ नसतो. ज्याच्यात मारण्याची ताकदच नाही तो मारत नाही, आणि ज्याच्यात ताकद आहे तोही मारत नाही. मग यांतला आपण कोण, हे चारचौघांना पटवून देण्यास मनुष्य बांधील आहे काय? आणि पटवून दिले नाही तर त्याच्या जवळच्या माणसांनी काय समजावे?

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका चित्रपटाच्या आधाराने करणार आहोत. चित्रपट घोड्यांचा, पिस्तुलांचा आणि धुळीचा आहे, म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे. 'बेन-हर' पाहण्यासाठी ज्यांनी एके काळी चित्रपटगृहाबाहेर रांगा लावल्या त्यांना एवढेच सांगतो की, हा चित्रपट त्याच दिग्दर्शकाचा आहे, आणि 'बेन-हर'च्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९५८ साली, तो प्रदर्शित झाला. नाव 'द बिग कंट्री'. दिग्दर्शक विल्यम वायलर. 'बेन-हर'चा नायक चार्लटन हेस्टन याही चित्रपटात आहे, पण दुय्यम भूमिकेत. नायक ग्रेगरी पेक.

कथा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम भागात घडते. त्या काळी तेथे गुरांचे मोठमोठे कळप मोकळ्या माळावर चरत. अशा कळपांच्या मालकाची जमीन, घर, गोठे व नोकरमाणसे या साऱ्या पसाऱ्याला रँच म्हणतात. गवत अफाट, परंतु पाणी मोजके. एक मोठे जनावर उन्हाच्या दिवसांत पन्नासेक लिटर पाणी सहज पिते. म्हणून ज्याच्या ताब्यात पाणी, त्याच्याच ताब्यात आसपासचा कोसच्या कोस माळ, मग कागदोपत्री तो कोणाचाही असो. १८७४ साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि कुंपणे पडू लागली. पाण्याच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा टेक्सासमध्ये रात्री जाऊन तारा तोडण्याचे प्रकार इतके माजले की, १८८४ साली तेथील विधिमंडळाला तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवावा लागला. कथेतले वैर कल्पित असले तरी त्याचे कारण असे अगदी खरे आहे.

दोन घराणी आहेत. मेजर टेरिल श्रीमंत. मोठा वाडा, स्वच्छ कपडे, पाहुण्यांना मेजवान्या. रूफस हॅनसी दरीत राहणारा, रांगडा. त्याची मुले उनाड व दारुडी. दोघांच्या मधे 'बिग मडी' नावाची नदीकाठची रँच आहे. ती ज्युली मॅरागॉन या शाळाशिक्षिकेला आजोबांकडून मिळालेली आहे. दोघांनाही ती विकत हवी आहे. ज्युली कोणालाच विकत नाही, आणि आजोबांच्या रीतीप्रमाणे दोघांच्याही गुरांना पाणी पिऊ देते.

अशा ठिकाणी जेम्स मॅके येतो. तो जहाजावरचा कप्तान, पूर्व किनाऱ्यावरील बाल्टिमोरचा. मेजरची एकुलती एक मुलगी पॅट्रिशिया हिच्याशी त्याचे लग्न ठरले आहे. पहिल्याच दिवशी दोघे घोडागाडीतून जात असता रूफसचा मुलगा बक आणि त्याचे सोबती त्यांना अडवतात, मॅकेवर दोर टाकून त्याला ओढतात, त्याच्या टोपीवर गोळ्या झाडतात. मॅके उलट हात उचलत नाही. इतकेच नव्हे, तर पॅट्रिशिया बंदूक उचलते तेव्हा तिलाही आवरतो. नव्या खलाशाची जहाजावर पहिल्या दिवशी थट्टा होते त्यातलाच हा प्रकार, असे म्हणून तो कपडे झटकतो. मेजरला मात्र निमित्तच हवे असते. तो वीसएक स्वार घेऊन हॅनसींच्या वस्तीवर चाल करून जातो. बक तेथे नसतो. मग घरातल्या बायकामुलांना दहशत घालून सूड घेतल्याचे समाधान मानले जाते. ज्याच्या अपमानाचा हा सूड, तो मॅके या स्वारीत नाही. जाऊ नका असे सांगूनही त्याचे कोणी ऐकलेले नाही.

टेरिलच्या गोठ्यात ओल्ड थंडर नावाचा एक अवखळ घोडा आहे. पाहुण्याची फजिती करण्यासाठी फोरमन स्टीव्ह लीच, म्हणजे आपला हेस्टन, सर्वांदेखत त्याला या घोड्यावर बसण्याचा आग्रह करतो. मॅके नम्रपणे नाही म्हणतो. लोक काय समजायचे ते समजतात. पण मंडळी स्वारीवर गेल्यावर तो गोठ्यातला म्हातारा मेक्सिकन नोकर रामोन याच्याकडून तोच घोडा बाहेर काढवून घेतो. तो पडतो, उठतो, पुन्हा बसतो, पुन्हा पडतो. कितीदा पडतो याची गणती नाही. अखेर घोडा दमतो. तेव्हा मॅके रामोनला म्हणतो, हे कोणाला सांगू नकोस.

पुढे आणखी एक प्रसंग आहे. मॅके एकटाच नकाशा व होकायंत्र घेऊन माळावर जातो. समुद्रावर वाट काढणाऱ्याला माळाचे काय भय? मेजवानीत एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने त्याला विचारतो की, आमच्या या मुलुखाएवढे मोठे काही पाहिलेत का. त्यावर तो एकदोन महासागरांचा उल्लेख करतो, हा संवाद मोठा गमतीचा आहे. परंतु टेरिलची माणसे तो हरवला असे समजून त्याला शोधत हिंडतात, आणि परत आल्यावर लीच त्याला सर्वांसमक्ष खोटारडा ठरवतो. मॅके तेथे लढण्यास नकार देतो. पॅट्रिशियाची मान शरमेने खाली जाते. त्याच रात्री, उजाडण्यापूर्वी, मॅके लीचच्या खोलीत जाऊन त्याला उठवतो. दोघे चांदण्यात उघड्या माळावर जातात आणि उभे राहण्याचे त्राण उरेपर्यंत एकमेकांना ठोसे मारतात. पाहायला कोणी नाही. कॅमेराही इतका लांब नेऊन ठेवला आहे की, त्या विस्तीर्ण माळावर दोन मुंग्या झुंजत आहेत असे वाटते. दोघे थकल्यावर मॅके विचारतो की, यातून आपण काय सिद्ध केले? लीचपाशी उत्तर नाही.

येथे आमच्या काही मित्रांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. मॅके शांततावादी असता तर गोष्ट वेगळी. तो तर रात्री उठून मारामारी करतो! आक्षेप खरा आहे. मॅके संत नाही, आणि चित्रपटही त्याला संत करीत नाही. वायलरने १९५६ साली 'फ्रेंडली पर्स्युएशन' या चित्रपटात अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील एका क्वेकर कुटुंबाची गोष्ट सांगितली होती. शस्त्र हाती न धरणे हा त्या पंथाचा धर्मच. मॅकेची जात निराळी. त्याचे म्हणणे एवढेच दिसते की, मी काय आहे हे मला कळले म्हणजे पुरे; ते बाजारात मांडण्याची सक्ती माझ्यावर कोणी करू नये. त्याचे वडील द्वंद्वयुद्धात मेले. ती दोन पिस्तुले त्याच्या सामानात आहेत. लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या धैर्याची किंमत त्याच्या घराने भरलेली आहे.

पेकने पुढे १९६२ साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या चित्रपटात ॲटिकस फिंच हा वकील रंगविला. तोही तोंडावर थुंकणाऱ्यासमोर रुमालाने चेहरा पुसून निघून जातो, आणि तोही आपल्या अचूक नेमबाजीचा मुलांना पत्ता लागू देत नाही. मॅके पाहिल्यावर ॲटिकस एकदम आकाशातून पडला नाही, असे वाटते.

तरीही आम्हांस मॅकेची एक गोष्ट खटकते, आणि चित्रपटाची स्तुती करणारे बहुधा तिच्याकडे काणाडोळा करतात. त्याचे मौन निव्वळ नम्रतेचे नाही. त्यात एक प्रकारची ऐट आहे. पॅट्रिशिया उथळ आहे, बापाच्या तालावर वाढलेली आहे, हे मान्य. पण ती त्याची वाग्दत्त वधू आहे. सगळ्या नोकरचाकरांसमोर आपला माणूस भित्रा ठरत असलेला तिने पाहावा, आणि त्याने एका शब्दानेही तिला विश्वासात घेऊ नये? घोड्याची गोष्ट रामोनला ठाऊक, तिला नाही. तू मला न विचारता ओळखायला हवेस, असे जणू तो तिला सांगतो. ही परीक्षा आहे, आणि परीक्षा आहे हे परीक्षार्थीला ठाऊक नाही. ती नापास होते यात आश्चर्य नाही. ज्याला लोकांच्या मताची खरोखर पर्वा नसते, त्याने आपल्या माणसाच्या मनाची तरी पर्वा करावी. आपल्या मंडळ्यांतही अशी माणसे दिसतात. सारे मुकाट्याने सोसतात आणि घरच्यांनी ते आपोआप ओळखावे अशी अपेक्षा करतात. मग घरातली माणसे बोलत नाहीत याचेही दुःख करतात.

आणखी एक गोष्ट. अपमान गिळणे मॅकेला परवडते. तो जहाजाच्या धंद्यातला, खाऊनपिऊन सुखी, सुशिक्षित. टोपीला भोक पडल्याने त्याचे काही उणे होत नाही. हॅनसींची गोष्ट तशी नाही. त्यांच्याकडे पडके घर, थोडी गुरे आणि अब्रू, एवढेच आहे. टेरिलच्या वाड्यात मेजवानी रंगात आली असता रूफस हॅनसी बंदूक घेऊन एकटा आत शिरतो आणि मेजरने आपल्या बायकामुलांवर केलेल्या स्वारीचा जाब विचारतो. मग बंदूक मेजरच्या पुढ्यात टाकून पाठ फिरवतो: घाल गोळी, हिंमत असेल तर. हा प्रसंग पाहताना आमची सहानुभूती झाडून साऱ्या सभ्य पाहुण्यांना सोडून त्या गलिच्छ म्हाताऱ्याकडे गेली. बर्ल आइव्ह्ज या नटाला या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. ज्याच्यापाशी मानाखेरीज दुसरे काही शिल्लक नाही त्याला सहनशीलतेचा उपदेश करताना उपदेशकाने आधी आपले खिसे चाचपून पाहावेत. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा गरिबाला लागू नाही असे आमचे म्हणणे नाही. त्याला ती जास्त महाग पडते, एवढेच आम्ही म्हणतो; आणि सुस्थितीतल्याने ती पाळली म्हणून फार टाळ्या वाजवू नयेत.

मग मॅकेने केले ते काय? आमच्या मते त्याचे मोठेपण ठोसा न मारण्यात नाही. ते 'बिग मडी'त आहे. माळावर एकटा फिरत असता तो ज्युलीला भेटतो, वैराचे मूळ पाण्यात आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो ती रँच तिच्याकडून विकत घेतो. दोन्ही बाजूंच्या गुरांना पाणी मिळत राहील, असा शब्द तो ज्युलीला देतो. पॅट्रिशियाला लग्नाची भेट म्हणून ती रँच द्यावी असा त्याचा बेत असतो. पॅट्रिशियाला हे कळते तेव्हा ती हर्षभरित होते. आता हॅनसींची गुरे तहानेने मरतील! नाही, त्यांनाही पाणी मिळेल, असे मॅके सांगतो, आणि लग्न तेथेच मोडते. सगळे लोक त्याच्या हिमतीची चर्चा करीत असता तो एकटा पाण्याची चर्चा करीत होता.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातील इसहाकाच्या विहिरींची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. इसहाकाच्या चाकरांनी विहीर खणली की गरारचे गुराखी येऊन पाणी आमचे म्हणून भांडत. पहिल्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे कलह. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. इसहाक दोन्ही सोडून पुढे गेला. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही; तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे ऐसपैस जागा. 'द बिग कंट्री' या नावाला हिब्रू भाषेत याहून जवळचा शब्द मिळणे कठीण. आम्ही ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा इसहाकाच्या सोशिकपणावर भर देतो, आणि गोष्टीतली एक साधी बाब निसटून जाते: इसहाकाला पुढे जाण्यास जागा होती आणि तिसऱ्या ठिकाणी पाणी लागले. ते लागले नसते तर? टेरिल व हॅनसी यांच्या मुलुखात माळ वाटेल तेवढा आहे, पण तिसरी विहीर नाही. अशा ठिकाणी सोडून जाणाऱ्याने भांडण मिटत नाही, तो फक्त स्वतः त्यातून सुटतो. तेथे कोणीतरी विहिरीच्या काठावर बसून दोघांनाही पाणी द्यावे लागते आणि दोघांच्याही शिव्या खाव्या लागतात.

ते काम मॅके येण्यापूर्वी ज्युली करीत होती. दोन मातब्बर म्हातारे रँच मागत असता एकटी मुलगी दोघांनाही नाही म्हणते, आणि गावात जाऊन मुलांना शिकवते. तिच्या हिमतीबद्दल त्या मुलुखात कोणी चर्चा करीत नाही. स्त्रीच्या असल्या हिमतीला लोक हट्ट म्हणतात. (त्या पाण्यावर टेरिल, हॅनसी आणि ज्युलीचे आजोबा या साऱ्यांच्या आधी ज्यांचा हक्क होता त्या मूळ रहिवाशांचा प्रश्न मात्र चित्रपटाच्या मनातही येत नाही. त्या काळच्या चित्रपटांचा तो नेहमीचाच दोष.)

शेवट रक्तपाताचा आहे. मेजरची माणसे हॅनसींची गुरे पाण्यावरून हाकलतात. चिडून रूफस ज्युलीला पळवून दरीत आणतो. मॅके रामोनला बरोबर घेऊन तेथे जातो आणि पाणी तुम्हांलाही मिळेल असे सांगतो, पण प्रकरण बकशी द्वंद्वयुद्धावर येते. ती वडिलांचीच पिस्तुले. बक इशाऱ्याआधी गोळी झाडतो. ती मॅकेच्या कपाळाला चाटून जाते. आता मॅकेची पाळी, आणि नियमाप्रमाणे बकने स्तब्ध उभे राहायचे. तो गाडीखाली दडतो. मॅके गोळी जमिनीत मारतो. मग बक दुसऱ्याचे पिस्तूल हिसकावून मॅकेवर रोखतो, तेव्हा त्याचा बापच त्याला गोळी घालतो आणि मग त्याला पोटाशी धरतो. नियम मोडणाऱ्या मुलाला मारणारा हा बाप न्यायी की आपल्या मानाचा गुलाम? आम्ही बराच विचार केला. रूफसच्या चेहऱ्यावर न्याय केल्याचे समाधान दिसत नाही, एवढे खरे.

तिकडे दरीच्या तोंडाशी लीच मेजरला सांगतो की, मी आत येणार नाही. हे वैर तुमचे आहे. लहानपणापासून मेजरने वाढवलेला तो मुलगा. त्याच्या आयुष्यातली ही पहिली खरी हिंमत. मेजर एकटाच घोडा आत घालतो. थोड्या वेळाने मागून टापांचा आवाज येतो. लीच येऊन त्याला गाठतो. त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून येतात. कोणी काही बोलत नाही. जेरोम मोरॉस यांचे संगीत येथे असे काही चढत जाते की पाहणाऱ्याचाही ऊर भरून येतो, आणि मागाहून ध्यानात येते की, आपला ऊर भरून आला तो एका चुकीच्या गोष्टीसाठी. नको असलेल्या लढाईत माणसे कशी जातात, हे या दोनतीन मिनिटांत जितके दिसते तितके आम्ही क्वचितच कोठे पाहिले आहे. द्वेषाने फार थोडे जातात. बहुतेक जण म्हाताऱ्याला एकटे कसे सोडावे म्हणून जातात.

वायलरला हे ठाऊक असावे. त्याचा जन्म १९०२ सालचा, अल्सेसमधील म्युलूझ गावचा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्या एकाच महिन्यात फ्रेंचांनी ते गाव दोनदा घेतले आणि दोनदा सोडले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून त्याने माहितीपटासाठी चित्रीकरण केले, आणि युद्धाने त्याची श्रवणशक्ती अधू केली. अशा माणसाने केलेला हा चित्रपट. आणि गंमत पाहा, तो करतानाच त्याचे व पेकचे बिनसले. कारण काय, तर दांडगे घोडागाडी अडवतात त्या प्रसंगातील एक दृश्य पेकला पुन्हा चित्रित करून हवे होते आणि वायलरने ते केले नाही. पेक निघून गेला. चित्रपटाचे निर्माते दोघेही भागीदारीत, जुने मित्र. तरी पुढे दोनेक वर्षे त्यांचे बोलणे नव्हते. 'बेन-हर'ला १९६० मध्ये ऑस्कर मिळाले तेव्हा पेकने हात पुढे केला, तर वायलर म्हणे हसून उत्तरला की, ते दृश्य मात्र मी अजूनही पुन्हा घेणार नाही.

चित्रपटात असे हसणे कोणाच्या वाट्याला येत नाही. रूफसच्या सांगण्यावरून दोन्हीकडच्या बंदुका थांबतात आणि दोघे म्हातारे एकटेच एकमेकांसमोर येतात. दोघेही मरतात. कॅमेरा पुन्हा वर जातो. एवढ्या मोठ्या दरीत दोन ठिपके. मॅके, ज्युली आणि रामोन घोड्यांवरून बाहेर पडतात. पॅट्रिशिया शेवटी पडद्यावर नाही. बाप गेला, लग्न मोडले. टेरिलची रँच आता तिची, आणि तिची गुरे उद्या पाण्यासाठी 'बिग मडी'वरच जायची आहेत. तिने त्यांना तेथे कसे पाठवले, निरोप धाडला की स्वतः गेली, हे चित्रपट सांगत नाही.